वजन वाढवायचंय, पण खाल्लं की मळमळतं: खुराकाबद्दल सविस्तर उत्तर

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या एका मुलाचा प्रश्न आहे. वय २३, उंची १७५ सेंटीमीटर, दोन महिन्यांपूर्वी वजन ६१ किलो. उद्यमबागेत फाउंड्रीत पहिली शिफ्ट, संध्याकाळी जिम. पॉवरलिफ्टिंगच्या (स्क्वॉट, बेंच आणि डेडलिफ्ट या तीन प्रकारांत जास्तीत जास्त वजन उचलण्याच्या) स्पर्धेत, ७४ किलोच्या गटात उतरायचं म्हणून गावच्या तालमीतल्या थोरल्यांना विचारून त्याने खुराक चालू केला. रोज दोन लिटर म्हशीचं दूध, दहा अंडी, आठ केळी, वर बदाम आणि तूप. वजन दोन किलो वाढलं. पण दिवसभर मळमळ, करपट ढेकर, सकाळी दोन-तीनदा पातळ जुलाब, स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठक) मारताना तोंडात आंबट पाणी, आणि कामावर उभ्या उभ्या डोळे मिटतात. "सर, माझं अंग खुराक घेणारं नाही काय? का सवय होईपर्यंत सोसू?" असं त्याने विचारलंय.

सोसू नकोस. तुझ्या अंगात खोट नाही. तू उचललेला खुराक पैलवानाच्या दिवसासाठी आहे, आणि तुझा दिवस वेगळा आहे. तालमीत राहणारा पोरगा पहाटे उठून जोर-बैठका मारतो, मातीत लढतो, दोरावर चढतो, पळतो. दुपारी चांगला दोन तास झोपतो आणि संध्याकाळी पुन्हा मातीत उतरतो. दिवसाचे चार-पाच तास घाम गाळणाऱ्याची तो खुराक आहे. शिवाय तो दहा-बारा वर्षांचा असल्यापासून हळूहळू त्या खाण्यावर आलेला असतो. पोट बिघडलं म्हणून किती जण तालीम सोडून घरी गेले, ते मात्र वस्ताद सांगत नाहीत. तुझ्या समोर येतात ते टिकलेले.

तू सव्वा तास जिममध्ये असतोस, त्यात प्रत्यक्ष बारखाली किती वेळ जातो ते एकदा मोजून बघ. पंधरा-वीस मिनिटं निघाली तरी पुष्कळ. बाकी सेटच्या मधली विश्रांती, आणि ती हवीच. फाउंड्रीचं काम अंगमेहनतीचं आहे हे खरं. ते धरूनही तुझ्या उंची-वजनाच्या मुलाला दिवसाला साधारण २६०० ते २८०० कॅलरी लागतात. वजन वाढवायला त्यावर अडीचशे-तीनशेची भर पुरे. म्हणजे ३००० च्या आसपास.

आता तुझा हिशोब मांडू. म्हशीच्या दोन लिटर दुधातच दोन हजारांवर कॅलरी झाल्या. दहा अंड्यांच्या सातशे, आठ केळ्यांच्या सात-आठशे. बदाम आणि तूप धर, ४००० झाल्या, आणि अजून घरची भाकरी, भात, आमटी ताटात पडायची आहे. इतकं पोटात गेल्यावर मळमळलं नसतं तरच नवल. आणि मांसपेशी दिवसाला किती बांधायची हे शरीर आपल्या वेगाने ठरवतं. वरचं सगळं खांद्यावर चढत नाही, कंबरेवर चढतं.

दोन किलो वाढले त्याचाही फार आनंद मानू नकोस. खाणं वाढलं की स्नायूंत साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन भरतं, आणि दर ग्रॅममागे ते सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. आतड्यात रोजच्यापेक्षा जास्त अन्न असतं, त्याचंही वजन काट्यावर दिसतं. पहिल्या दोन आठवड्यांची वाढ बरीचशी अशीच असते.

जुलाबांचं कारण बहुतेक दूध. दुधात साखर असते, लॅक्टोज, साधारण १०० मिलीला पाच ग्रॅम. ती फोडणारं विकर लहानपणी भरपूर असतं आणि मोठेपणी आपल्याकडच्या पुष्कळ लोकांत कमी होत जातं. ते कमी असलेला माणूसही एका वेळी साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे एक पेला दूध, सहसा निभावून नेतो. तू दिवसाला १०० ग्रॅम घेतोस. लिटरभर एका दमात ओतलंस तर ५० ग्रॅम. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथे ती आंबते, वायू होतो, पाणी ओढलं जातं. पोट फुगणं, गुडगुडणं, सकाळचे जुलाब, सगळं त्यातून. "आमचे आजोबा चरवीने दूध प्यायचे" हे आपल्या प्रत्येक घरात ऐकायला मिळतं. आजोबांचं पोट तुला वारशात मिळालंच असेल असं नाही.

मळमळ आणि करपट ढेकर यांचं कारण दुसरं, स्निग्ध पदार्थ. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के फॅट, म्हणजे दोन लिटरमागे सव्वाशे ग्रॅमच्या वर. त्यात दहा पिवळे बलक, तूप, बदाम. फॅटमुळे पोट रिकामं व्हायला वेळ लागतो. दुपारी घेतलेलं संध्याकाळी सहालाही वरच असतं. त्यावर तू बेल्ट करकचून आवळतोस, श्वास कोंडतोस आणि स्क्वॉटला बसतोस. पोटातला दाब वाढला की आतलं आम्ल वरच चढणार. तोंडात येणारं आंबट पाणी ते हेच.

तर पहिले आठ दिवस खुराक पूर्ण बंद. उपाशी राहायचं नाही, घरचं नेहमीचं जेवण पोटभर जेवायचं. दूध मात्र अजिबात नाही, चहातलं सोडून. तीन-चार दिवसांत जुलाब थांबले तर तुझं उत्तर तुला मिळालं. मग दह्यापासून सुरुवात कर. दह्यातले जंतू बरंच लॅक्टोज आधीच खाऊन टाकतात, म्हणून दूध न सोसणाऱ्यालाही दही-ताक बहुधा सोसतं. ते चार-पाच दिवस ठीक गेलं तर एक पेला दूध, साय काढलेलं, जेवणासोबत. रिकाम्या पोटी नको. एक पेला सोसला तर काही दिवसांनी दुसरा, दिवसाच्या दुसऱ्या टोकाला. बहुतेकांचं इथेच भागतं. या आठ दिवसांत वजन किलोभर उतरेल. ते पाणी आहे, घाबरायचं नाही.

पोट जाग्यावर आलं की भर घालायची, पण एका वेळी एकच. माझ्याकडे येणारी पोरं सोमवारी सगळं एकदम चालू करतात आणि गुरुवारी "काय बाधलं कळेना झालंय" म्हणून येतात. कळणार कसं? सहा गोष्टी एकत्र पोटात गेल्या. पहिल्या आठवड्यात दुपारच्या डब्यात दोन वाट्या जादा भात आणि चमचाभर तूप, एवढंच. ते अडीचशेच्या आसपास होतं. दोन आठवडे तेच ठेव. सरासरी वजन हललं नाही तर आणखी दीडशे-दोनशेची भर, म्हणजे मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा, किंवा एक केळं आणि मूठभर फुटाणे.

भात म्हटल्यावर घरात वाद होणार, ठाऊक आहे. अथणी-गोकाककडच्या माणसाला ज्वारीच्या भाकरीशिवाय जेवण झाल्यासारखं वाटत नाही, आणि भाताने ताकद येत नाही ही समजूत येळ्ळूरपर्यंत पक्की आहे. भाकरी उत्तम आहे, तिच्यात तंतू भरपूर असतात आणि ती पोट धरून ठेवते. पण तुझी अडचण नेमकी तीच आहे ना? पोट लवकर भरतंय आणि उशिरा रिकामं होतंय. वजन उतरवायला आलेल्याला मी भाकरी वाढवायला सांगतो. तुला सांगतो, एक भाकरी ठेव आणि वरची भर भाताने घाल. खानापूरकडचा नवा तांदूळ मऊ शिजतो, तो न चावता गिळायचा मात्र नाही. दुपारी उकाड्यात घास उतरत नसेल तर दहीबुत्ती, म्हणजे दहीभात, कर, वर मीठ आणि थोडी फोडणी. तुझ्यासारख्याला ती गरम आमटी-भातापेक्षा सहज जाते.

कडधान्यांचंही तसंच. मटकी, हरभरा, चवळी यांत प्रथिनं आहेत, पण त्यांच्यातली काही कर्बोदकं आतड्यात आंबतात आणि गुबारा धरतो. भिजवून, ते पाणी टाकून, नीट शिजवून, वाटीभर खा. रात्री वाडगाभर उसळ खाऊन सकाळी फर्नेससमोर उभं राहू नकोस. शेजाऱ्यांवर दया कर.

आता तुझा दिवस. पहिल्या शिफ्टला पहाटे उठून घास उतरत नाही, हे फाउंड्रीतली सगळीच पोरं सांगतात. चावायचं जात नसेल तर प्यायचं. पातळ खाणं पोटाला जड कमी वाटतं, म्हणून वजन वाढवणाऱ्याला ते सोयीचं. तीनशे मिली दूध किंवा दही, दोन केळी, ३० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे, थोडा गूळ, मिक्सरला फिरव. सहाशेच्या आसपास कॅलरी आणि वीसेक ग्रॅम प्रथिनं एका तांब्यात आली. सुरुवातीला यातलं अर्धंच घे, आवरत आवरत घोट घोट, अर्ध्या तासात. एका श्वासात तांब्या रिकामा करायचा तो तालमीतला डौल इथे नको. पोटात हवा जाते आणि मग ढेकर.

दहाच्या सुट्टीत दोन-तीन उकडलेली अंडी आणि चपाती किंवा कँटीनचं उप्पीट. दुपारी डबा. शिफ्ट सुटल्यावर चारच्या सुमारास पोहे किंवा दोन केळी आणि थोडे फुटाणे, आणि यात तेल-तूप कमी. सहाला जिम. मोठं जेवण आणि जिम यात तीन तासांचं अंतर हवं, हलक्या खाण्याला तास-दीड तास पुरतो. जिमहून आल्यावर आंघोळ करून सव्वाआठपर्यंत मुख्य जेवण: भात, एक भाकरी, आमटी, आणि अंडी, कोंबडी, मासे किंवा पनीर यातलं एक. झोप साडेदहाला. जेवण आणि आडवं होणं यात किमान दोन तास जाऊ देत, तीन गेले तर उत्तम. छातीत जळजळत असेल तर डाव्या कुशीवर झोप, उशाकडची बाजू थोडी उंच कर. रात्री अकराला गाडीवर अंडाबुर्जी खाऊन लगेच अंथरुणात शिरणाऱ्याला हे काहीच उपयोगाचं नाही.

शिफ्ट बदलली की वेळा बदल, अंतरं तीच ठेव. रात्रपाळीच्या आठवड्यात वजन वाढलं नाही तरी चालेल. टिकलं तरी पुष्कळ झालं.

फाउंड्रीबद्दल एक गोष्ट तू लिहिली नाहीस, पण ती महत्त्वाची आहे. उष्णता. घामाने पाणी आणि मीठ दोन्ही गेलं की भूक मरते, डोकं जड होतं आणि मळमळतं. मग माणसाला वाटतं खुराक बाधला, आणि प्रत्यक्षात तो कोरडा पडलेला असतो. तुझ्या झोपाळूपणात याचाही वाटा असणार. लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय. कामावर थोड्या थोड्या वेळाने पाणी पी, आणि डब्यासोबत मीठ घातलेलं पातळ ताक ने. रक्तदाबाचा त्रास असेल तर मिठाचं डॉक्टरांना विचारून. घासाघासाला पाणी मात्र नको, त्याने पोट भरतं आणि ताट तसंच राहतं. उन्हाळ्यात खाण्याचा मोठा भाग सकाळी आणि रात्री ठेव.

दिवसाला सहा-सात कप चहा होत असेल तर तो दोनवर आण. रिकाम्या पोटी चहाने आम्ल वाढतं, भूक मरते, आणि जेवणासोबत घेतला तर लोह नीट शोषलं जात नाही. तंबाखू मळत असशील तर तीही भूक मारते. निपाणीच्या शेजारी राहून हे कोणाला आवडणार नाही, पण निकोटीन भूक दाबतं. वजन वाढत नाही म्हणून रडणाऱ्या कितीतरी पोरांच्या खिशात पुडी निघते.

प्रथिनांचं अवडंबर फार माजलंय. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास पुरतं, फार तर २.२. तुझ्यासाठी दिवसाला १०० ग्रॅम धर. चार अंड्यांचे २४, दीडशे ग्रॅम कोंबडीचे तीसेक, दूध-दही मिळून अर्ध्या लिटरचे पंधरा-सोळा, वाटीभर घट्ट आमटीचे दहा, मूठभर शेंगदाण्यांचे सात. भात-भाकरीतून वीस-पंचवीस मिळतात, ते कोणी मोजतच नाही. शंभर कधी ओलांडलेस कळणारही नाही. दहा अंड्यांची गरज कुठे आहे? आणि अंडी उकडून खा. कच्च्या अंड्यातलं प्रथिन उकडलेल्यापेक्षा कमी पचतं, वर जंतूंचा धोका. ग्लासात कच्ची अंडी फोडून पिणं बघायला रुबाबदार दिसतं, एवढाच त्याचा फायदा.

घर माळकरी असेल किंवा लिंगायत असेल तर अडचण नाही. सोयावडीत वजनाच्या निम्मी प्रथिनं असतात. ५० ग्रॅम कोरडी वडी भिजवून, पिळून, भाजीत घातली की पंचवीस ग्रॅम झाले. तीही एकदम ५० वर नको, वीसपासून चढव, नाहीतर पुन्हा गुबारा. पनीर, दही, फुटाण्याचं पीठ, घट्ट डाळ यांनी बाकीचं भरतं. श्रावणात मटण-अंडी बंद करणाऱ्या घरातल्या पोरांचं वजन दरवर्षी किलोभर उतरतं, कारण ती वस्तू बंद होते आणि तिच्या जागी काही येत नाही. श्रावण लागायच्या आधीच पर्याय ठरवून ठेव. उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी कॅलरीला भरपूर असते, प्रथिनाला नाही. दाण्याचं कूट दुप्पट घाल, सोबत दही घे.

डब्यातल्या पावडरी. 'मास गेनर' म्हणून जे मिळतं त्यात बहुतेक भाग माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे पोटात गेल्यावर पटकन साखर होणारं पिष्ट, आणि थोडी दुधाची पावडर. तुझ्या पोटाला ते पहिल्याच आठवड्यात नको होईल. त्या पैशात घरी महिनाभर शेंगदाणे, केळी आणि अंडी येतात. व्हे, म्हणजे दुधातल्या प्रथिनांची पावडर, घ्यायचीच असेल तर तिच्या कॉन्सन्ट्रेट प्रकारात लॅक्टोज उरतं, आयसोलेट प्रकारात फार कमी, हे लक्षात ठेव, आणि डब्यावर एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) १४ आकडी परवाना क्रमांक बघ. बिनलेबलची पुडी, "स्पेशल" गोळी किंवा सुई कोणी काढून दाखवली तर तिथून निघ. पंधरा दिवसांत पाच-सात किलो चढवणाऱ्या वस्तूंत बहुधा स्टेरॉइड असतं, आणि त्याची किंमत पुढे यकृत, हृदय आणि वीर्य मोजतात.

क्रिएटिन मोनोहायड्रेट, म्हणजे स्नायूंना जोर लावायला मदत करणारी पावडर, एवढी एकच वस्तू मी पोरांना घ्यायला हरकत घेत नाही, मूत्रपिंडाचा विकार नसेल तर. रोज तीन ग्रॅम, जेवणानंतर, पाण्यात विरघळवून. पहिल्या आठवड्यात वीस-वीस ग्रॅम घ्यायची पद्धत आहे, ती तुझ्यासाठी नाही, तिने पोट बिघडतं. तीनने स्नायू भरायला तीन-चार आठवडे लागतात, लागू देत. वजनात किलोभर पाणी वाढतं. आणि रक्ततपासणीत क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचं काम बघतात) थोडं जास्त दिसू शकतं, म्हणून डॉक्टरांना आधीच सांग, नाहीतर ते उगाच घाबरवतील. पण हे सगळं पोट सुधारल्यावर. आत्ता नाही.

वजन मोजायचं ते घरच्या एकाच काट्यावर, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी. स्टँडवरच्या नाणं टाकायच्या मशीनवर विश्वास ठेवायचा तो ऊस उत्पादकाने कारखान्याच्या काट्यावर ठेवावा तितकाच. रोजचा आकडा वहीत लिही आणि आठवड्याची सरासरी काढ, कारण रविवारी मटणाचा तांबडा रस्सा झाला की सोमवारी मिठामुळे किलोभर जास्त दिसणारच. सरासरी आठवड्याला दीडशे ते तीनशे ग्रॅम वाढली तर तू बरोबर चाललायस. महिन्याला किलोच्या आतबाहेर. कमी वाटतं? वर्षाला आठ-दहा किलो होतात, आणि तेवढे पचवून अंगी लागायला वर्ष लागतंच. अर्ध्या किलोच्या वर जायला लागलं तर भर कमी कर.

सोबत दर पंधरा दिवसांनी बेंबीजवळ कंबर मोज. वजन तीन किलो आणि कंबर दोन सेंटीमीटर, चालेल. वजन तीन आणि कंबर पाच, म्हणजे थांबायची वेळ. आपल्या लोकांत हडकुळ्या अंगावरही पोट लवकर सुटतं आणि मधुमेह लवकर गाठतो. पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या आत राहायला हवी. आई-वडिलांना साखर असेल तर वर्षातून एकदा रक्तातली साखर आणि चरबी तपासून घे. घोरणं नव्याने सुरू झालं आणि दिवसा पेंग येते, असं झालं तरी वजनाची घाई थांबव.

व्यायामाबद्दल थोडक्यात. जादा खाणं स्नायूत जायचं असेल तर बारवरचं वजन वाढत राहायला हवं. आठवड्यात तीन, फार तर चार दिवस, स्क्वॉट, बेंच, डेडलिफ्ट आणि एक पाठीचा व्यायाम, वहीत आकडे. फाउंड्री करून सहा दिवस जिम केलंस तर खाल्लेलं तिथेच जळतं. त्याच वेळी सैन्यभरतीची तयारीही चालू असेल, आणि आपल्याकडे निम्म्या पोरांची ती असतेच, तर १.६ किलोमीटरची धाव आणि वजनवाढ एकमेकांना ओढतात. आधी भरती, मग बाकीचं.

पुढचं नीट वाच. खाणं दोन महिने व्यवस्थित असूनही वजन वाढत नाही, किंवा उतरतंय, संध्याकाळी बारीक ताप येतो, दोन आठवड्यांच्या वर खोकला आहे, शौचातून रक्त जातं, घास अडकतो, वारंवार उलट्या होतात, तहान आणि लघवी फार वाढलीय, बसल्या जागी छाती धडधडते, यातलं काहीही असेल तर खुराक बदलत बसू नकोस, दवाखान्यात जा. क्षय, थायरॉइड, मधुमेह, जंत, ही सगळी वजन न वाढण्याची कारणं आहेत आणि सगळ्यांवर उपचार आहेत. क्षयासाठी थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. ॲसिडिटीची गोळी रोज लागायला लागली आणि दोन आठवडे झाले, तरी दुकानातून पुन्हा पाकीट न आणता डॉक्टरांना दाखव. दूध बंद करूनही जुलाब थांबले नाहीत तर तेच.

राहिला गट. तू लिहिलंयस की ७४ किलोच्या गटात उतरायचंय म्हणून घाई आहे. ही घाई कोणी लावली? पुरुषांचे गट ५९, ६६, ७४ असे आहेत. तू ६६ मध्ये बसतोस आणि पुढचे काही महिने तरी तिथेच बसशील. ७४ मध्ये ६७ वजनाने उतरलास तर समोरचा तुझ्यापेक्षा सात किलो मांसाने जड असेल. ६६ मध्ये ६४ ने उतरलास तर उलट फायदा आहे. बाकीची पोरं आदल्या दिवसापासून पाणी तोडून, तोंड सुकवून वजन द्यायला रांगेत उभी असतात. तू सकाळी पोहे खाऊन जा. वजन दिल्यानंतर पहिल्या स्क्वॉटपर्यंत दोनेक तास असतात. त्यात दोन केळी, थोडा दहीभात, पाणी. नवीन काही त्या दिवशी तोंडात घालायचं नाही, आणि बाहेर कुंद्याच्या मिठाईचं दुकान दिसलं तरी ते तिसऱ्या डेडलिफ्टनंतर.